शालनचा काउंट

रोज सकाळी गाळ्याचं शटर वर ढकललं की शालन उबाळे आधी डंकाच्या ओखळीत बोट फिरवायची. आदल्या दिवशीच्या शेवटच्या गिऱ्हाइकाचा मसाला कितीही झाडला तरी लोखंडाच्या कडेला थोडा राहतोच. बोटाला लागलेलं ते तांबडं ती जिभेवर घ्यायची, जीभ डाव्या गालात नेऊन क्षणभर थांबायची आणि बाहेर गटारात थुंकायची. लवंगी निघाली तर मूठभर तांदूळ टाकून ओखळी साफ करून घ्यायची. ब्याडगी निघाली तर पहिल्या बाईच्या मिरच्या तशाच ओतायची. मग बटण दाबायची, आणि शहाडच्या पुलाखालच्या गल्लीत लोखंडी मुसळांची धडधड सुरू व्हायची. मसाला कुटायच्या या यंत्राला इकडे डंक म्हणतात, आणि शालनला सगळे डंकवाली म्हणायचे.

एका घरचं तिखट दुसऱ्या घरात जाऊ नये एवढ्यासाठी तिची ही खटपट. तिचं बोलणं मात्र सगळ्यांच्या घरात जायचं.

डंकावर आलेली बाई आपला मसाला होईपर्यंत तिथून हलत नाही. मिरची बदलली जाईल, मूठभर कमी होईल, अशी भीती. नाकाला पदर लावून, मिरचीच्या खाटाने शिंकत सगळ्या बायका ओखळीवर नजर ठेवून बसतात. शालन त्यांना स्टूल पुढे करायची. "बस, आणि पापणी लववू नको. लवली की दोन मिरच्या गेल्याच समज." एकदा नव्या कॉम्प्लेक्समधली एक बाई मिरच्यांची पिशवी घेऊन आत आली, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बघितला, आणि तिला घरी पाहुणे येणार असल्याचं आठवलं. शालनने पिशवी उचलून तिच्या हातात दिली. "न्या ताई. पण इथली हवा लागलीय हां त्यांना. घरी गेल्यावर पुन्हा उन्हात घाला." ती बाई जिना चढून पुलावर दिसेनाशी होईपर्यंत स्टुलावरच्या बायका हसत होत्या. शालन हसली नाही. पुढची मिरची ओतली.

नवरा चांगदेव वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. माणूस इतका कमी बोलायचा की शालनला दोघांचं बोलावं लागायचं. मुलगा रत्नदीप घोडबंदर रोडवरच्या एका आयटी ऑफिसात. तिथले एसी, लिफ्ट, पाणी, साफसफाई बघणाऱ्या टीमचा तो सुपरवायझर. आणि चाळीच्या गॅलरीत समोरच्या दारात विमलाबाई साळवी, मूळची संगमेश्वरची, शालनच्याच वयाची. दोघी एकमेकींना रोज टोचायच्या आणि एकमेकींशिवाय चहा घ्यायच्या नाहीत.

शालनच्या डाव्या गालात आतून पांढुरका चट्टा आला तेव्हा तिने तो मसाल्यावर ढकलला. जिथे रोज चाखायचं तिथेच आला, म्हणजे मसाल्यानेच आला. तिने चाखायचा गाल बदलला. काही महिन्यांनी एका सकाळी पुन्हा डाव्या बाजूला जीभ नेऊन बघितली, तर काहीच झोंबलं नाही.

"बघ विमल, बरं झालं. लवंगी ठेवली तरी कळत नाही."

"न कळणं चांगलं कसं गं?"

"तुला आयुष्यात काय कळलं? तुझं बरं चाललंय ना?"

चट्टा तोवर कडक झाला होता. जबडा पुरता उघडेना, हनुवटीखाली सुपारीएवढी गाठ लागायला लागली, तेव्हा कल्याणच्या दातांच्या डॉक्टरने आत बॅटरी मारली आणि दाताला हातही न लावता ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात जायला सांगितलं. तिथे तुकडा काढून तपासला. कॅन्सर. मसाल्यामुळे नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग कशामुळे, हे त्यांनाही सांगता आलं नाही. पण ते विचारत राहिले.

"तंबाखू?"

"नाही."

"मिश्री? गुटखा? मावा?"

"नाही."

"लपवू नका मावशी. इथे पहिल्यांदा सगळे नाहीच म्हणतात."

"मग विचारता कशाला?" शालन म्हणाली.

तरुण डॉक्टरने मान खाली घालून काहीतरी लिहिलं. आयुष्यभर शालनने तंबाखू खाणाऱ्यांना गाळ्याच्या पायरीवरून हाकललं होतं. आता गल्लीतून जाताना तेच तिच्या गालाकडे बघायचे. नणंद गावाहून भेटायला आली, दोन दिवस राहिली, आणि निघताना उंबऱ्यात हळू आवाजात म्हणाली, "वैनी, आता तरी खरं सांगा. मी कोणाला नाही सांगणार." विमलाबाईनेही एकदा विचारलं. त्या दिवशी शालनने तिला चहा दिला नाही.

डॉक्टरांनी जे सांगितलं त्यातून घरात एकच शब्द उरला. ऑपरेशन. लगेच करता येणार नव्हतं, गाठ पसरली होती. आधी केमोचे तीन डोस, मग स्कॅन. गाठ आटली असेल आणि रक्त ठीक असेल तर ऑपरेशन. डावा जबडा काढायचा, छातीचं मांस आणून गालाला लावायचं. "ऑपरेशन झालं तर मग पुष्कळ काही करता येईल," डॉ. मेघना म्हणाली. केमो देणाऱ्या विभागातली ती सगळ्यात तरुण डॉक्टर, आणि शालनला ती तेवढ्यासाठीच बरी वाटायची की भिंतीवरच्या तंबाखूच्या पोस्टराकडे बोट न दाखवता बोलायची. ऑपरेशन नाही झालं तर काय, हे तिने सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही.

ओपीडीच्या बाकावर ऑपरेशन झालेल्या बायका बसलेल्या असायच्या. कोणाचा अर्धा जबडा नाही, कोणाचा ओठ खेचलेला, गळ्याला रुमाल, रुमालात लाळ. बाकीचे लोक त्यांच्यावरून नजर फिरवून घ्यायचे. शालन टक लावून बघायची.

"मला अशी करा म्हणावं," तिने रत्नदीपला सांगितलं. "निम्मं तोंड नेलं तरी चालेल. राहिलेल्या निम्म्यात तुझ्या बापाला आणि त्या विमलला पुरून उरेन."

दुसऱ्या डोसनंतर तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी नऊशेवर आल्या. चार हजारांच्या खाली असणंच बरं नाही, आणि हे तर नऊशे. तिसरा डोस पुढे ढकलला. डॉ. मेघनाने पेशी वाढवायची इंजेक्शनं दिली आणि रत्नदीपला समोर बसवून सांगितलं, "काउंट वाढायला हवा. तो वाढल्याशिवाय पुढे काही करता येणार नाही."

चाळीला काउंट हा शब्द नवा नव्हता. मागे डेंग्यूच्या साथीत विमलाबाईचा मुलगा साईनाथ हॉस्पिटलात होता, तेव्हा पपईच्या पानांचा रस पाजून त्याचा काउंट वर आणल्याची गोष्ट गॅलरीतल्या प्रत्येकाला पाठ होती. डेंग्यूत पडतात त्या प्लेटलेट्स, आणि ह्या पांढऱ्या पेशी, हा फरक कोणाच्या डोक्यात आला नाही. काउंट म्हणजे काउंट. वालधुनीच्या नाल्याकडेला पपईचं झाड आहे, तिथून विमलाबाई स्वतः पानं तोडून आणायची, वाटायची, फडक्यातून पिळायची. शालनचा जबडा आता बोटभरच उघडायचा. गालाच्या फटीतून स्ट्रॉ घालून ती तो हिरवा कडू रस ओढायची.

"विमल, मारायचंच असेल तर उशी ठेव तोंडावर. हे काय?"

"गप पी. साईनाथ बोंबलत प्यायला, पण उठला ना?"

"तो उठला, पण अक्कल तिथेच राहिली."

चांगदेव कल्याणहून बकऱ्याचा पाया आणायचा आणि रात्रभर मंद गॅसवर ठेवायचा. खजूर, बीट, नाचणी, अंडी, जे कोणी सुचवेल ते मिक्सरमधून फिरून गाळणीतून स्ट्रॉपर्यंत यायचं. शालन सगळं घ्यायची. ओकायची, पुन्हा घ्यायची. जिला कोणी काही करायला लावू शकत नव्हतं, ती बाई स्ट्रॉ पुढे आली की तोंड पुढे करायची.

काउंट पाच हजारांवर आला. तिसरा डोस झाला. चाळीने विमलाबाईचं कौतुक केलं, विमलाबाईने झाडाचं.

मग आकडा चढतच गेला. चोवीस हजार आला तेव्हा रत्नदीपने डॉ. मेघनाला फोन केला. ती घाईत होती. "इंजेक्शनमुळे जास्त दिसत असेल. ताप नाही ना? पुढच्या आठवड्यात पुन्हा करा, स्कॅनच्या आधी." तिच्या आवाजातही काळजी नव्हती. पुढच्या आठवड्यातला रिपोर्ट रत्नदीपच्या फोनवर आला तेव्हा तो मानपाड्याच्या सिग्नलला बसमध्ये अडकला होता. सेहेचाळीस हजार, ठळक अक्षरात. लॅबच्या मुलीचा फोनही आला होता, पेशंटला ताप आहे का विचारायला. "नाही, एकदम फिट आहे," तो म्हणाला. बस हलेना म्हणून तो उतरला आणि मानपाड्यापासून माजिवड्यापर्यंत गाड्यांच्या मधून चालत सुटला, चालता चालता घरी फोन लावला.

"पप्पा, आईला सांगा. सेहेचाळीस हजार!"

चांगदेवने आकडा ऐकला, फोन खाली ठेवला आणि गॅलरीत आला. तो कधी कोणाला स्वतःहून काही सांगत नसे. त्या संध्याकाळी त्याने एकेका दारात जाऊन सांगितलं. "शालनचा काउंट वाढला. सेहेचाळीस हजार." रत्नदीपने कल्याणहून पेढे आणले. वरच्या मजल्यावर राहणारा त्र्यंबक, जो कोणाचीही मस्करी केल्याशिवाय पेढा खात नाही, म्हणाला, "नॉर्मल माणसाचा अकरा हजारांपर्यंत असतो म्हणे. वहिनी आता चार माणसांची ताकद घेऊन बसल्यात. जपून रे चांगदेव!" सगळे हसले. शालनसाठी एक पेढा दुधात विरघळवून स्ट्रॉने दिला.

त्याच आठवड्यात विमलाबाईला शालनच्या अंगावर गाठी दिसल्या. केमोनंतर शालनला अंघोळ विमलाबाईच घालायची. डाव्या खांद्याच्या खाली, छातीच्या वरच्या भागावर, हरभऱ्याएवढ्या तीन-चार. लालसर, टणक. एक डोक्यावर, जिथे केस गेले होते तिथे.

"उष्णता," विमलाबाई म्हणाली. "पाया काय, खजूर काय, पपई काय, सगळं गरम. एवढा काउंट वाढल्यावर अंगातलं बाहेर पडणारच. चांगलंच आहे ते."

"दुखत नाही," शालन म्हणाली. शब्द आता तिच्या तोंडातून घासून यायचे. "उष्णतेची पुळी पिकते विमल. ही पिकत नाही."

"पिकेल. तुला सगळ्याची घाई."

विमलाबाईने चंदन उगाळून लावलं. शालनने लावू दिलं. तिला पटलं नव्हतं, पण आठ दिवसांवर ठाण्याला स्कॅनची तारीख होती आणि रक्त चांगलं होतं, रक्त तर इतकं चांगलं कधीच नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली. तहान फार लागायची, तीही उष्णताच. दिवसभर झोप यायची. "आता बघ कशी शांत झोपते," चांगदेव म्हणायचा, आणि टीव्हीचा आवाज बंद करायचा.

ठाण्याला जायच्या दिवशी शालन विमलाबाईकडून निळी सुती साडी नेसवून घेऊन तयार झाली. डोक्याला त्याच रंगाचा रुमाल. ऑपरेशनची तारीख मिळाली तर तिथेच अॅडमिट करतील म्हणून पिशवीत दोन गाऊन, टॉवेल, कंगवाही होता. कंगवा बघून ती स्वतःच म्हणाली, "हा कशाला घेतला? डॉक्टरांचे विंचरू?"

डॉ. मेघनाने रिपोर्ट बघितला. मग पदर बाजूला करायला सांगितलं, हातमोजा घातला, खांद्याखालच्या एका गाठीवर बोट ठेवलं आणि ठेवूनच राहिली.

"हे कधीपासून आहे?"

"उष्णतेचं आहे मॅडम," चांगदेव म्हणाला. "खाणं जरा गरम झालं."

तिने पुन्हा रक्त घेतलं, गाठीत सुई घालून पाणी काढलं, शालनला वॉर्डात ठेवून घेतलं. रत्नदीपला वाटलं, ऑपरेशनचीच तयारी. त्याने घरच्या ग्रुपवर तसं कळवलं. विमलाबाईने हात जोडल्याच्या चार खुणा पाठवल्या.

वॉर्डातले दिवस असे गेले. रक्ताचा वेगळा कॅन्सर आहे का ते बघायला आणखी एक डॉक्टर आले. कुठे इन्फेक्शन आहे का ते बघायला लघवी, छातीचा एक्स-रे, स्कॅन, सगळं झालं. काउंट अठ्ठ्याहत्तर हजार. रक्तातलं कॅल्शियमही वाढलेलं निघालं. फोनवर हे ऐकून विमलाबाई म्हणाली, "नशीबवान आहे. माझं तर गोळ्या खाऊन वाढत नाही. हाडं मजबूत असतील तर ऑपरेशन सोसेल." एका सकाळी मोठे डॉक्टर सात-आठ विद्यार्थी घेऊन पलंगाशी आले. शालनची परवानगी विचारली, तिने मान हलवली. विद्यार्थ्यांनी आळीपाळीने वाकून गाठी बघितल्या. एकीने हळूच मोजल्या. एकाने शेजारी छोटी पट्टी धरून फोटो काढले. मोठे डॉक्टर इंग्रजीत बोलत होते, त्यातला 'रेअर' एवढा एकच शब्द रत्नदीपला ओळखीचा वाटला, आणि तो चांगल्या अर्थाने असेल असं वाटून त्याने बापाकडे बघून मान डोलावली.

"चांगला आला का?" शालनने फोटो काढणाऱ्या मुलाला विचारलं.

त्याला काय म्हणतेय ते कळलं नाही. "थँक यू मावशी," तो म्हणाला.

त्याच दुपारी डॉ. मेघनाने रत्नदीपला आणि चांगदेवला केबिनमध्ये बोलावलं. शालननेही येणार म्हणून हट्ट धरला. व्हीलचेअर दारात अडली, ती वाकडी करून आत घेतली.

"ऑपरेशनची तारीख कधीची मॅडम?" रत्नदीपने बसायच्या आधीच विचारलं.

"ऑपरेशन नाही करता येणार."

"का? काउंट तर वाढला ना."

"तोच प्रॉब्लेम आहे. तो तसा वाढायला नको होता."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, वाढायला हवा म्हणून."

"हो. म्हणाले होते."

"मग वाढवला ना आम्ही."

डॉ. मेघनाने टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं. "तुम्ही नाही वाढवला. मलाही आधी इंजेक्शनचाच वाटला. पण इंजेक्शनचा असता तर उतरला असता. काउंट वाढवतेय ती गाठ. तिच्यातून काहीतरी रक्तात जातं, आणि त्याने हाडांच्या आतल्या मगजाला वाटतं की अंगात मोठं इन्फेक्शन झालंय. मग तो पेशी पाठवत सुटतो. इन्फेक्शन कुठेच नसतं. कॅल्शियमही तिच्यामुळेच वाढलंय. मावशींना तहान लागते, झोप येते, ती त्याने."

"आणि त्या गाठी?"

"तोंडातलीच गाठ आहे ती. कातडीत आलीय. छातीवर, डोक्यावर असं सहसा येत नाही. फार कमी जणांना होतं." ती थांबली. "केमो चालू असतानाच आलीय, म्हणजे केमोलाही दाद देत नाहीये."

चांगदेव इतका वेळ आपल्या हातांकडे बघत होता. लेथवर चाळीस वर्षं काढलेले हात, नखांत कायमचं काळं. "मॅडम," तो म्हणाला, "पाया बंद केला तर उतरेल का?"

खिडकीच्या एसीतून पाणी ठिबकत होतं आणि खाली कोणीतरी बादली ठेवली होती.

मग शालन बोलली. शब्द नीट यावेत म्हणून तिने रुमालाने तोंड पुसलं, गाल हाताने धरला.

"म्हणजे रत्ना," ती म्हणाली, "आपण पेढे कसले वाटले रे?"

घरी आणल्यावर चाळीला सांगायचं काम रत्नदीपवर आलं आणि त्याच्याने ते झालं नाही. "ऑपरेशन थोडं पुढे गेलंय," तो म्हणाला. लोकांनी आकडा विचारला. आठवड्यापूर्वीपर्यंत तोच सांगत होता, आता नाही कसा म्हणणार? त्याने सांगितला. एक लाख चार हजार. त्र्यंबकने वरून हाक मारली, "अभिनंदन! वहिनी लखपती झाल्या!" आणि जिन्यात पोरांनी टाळ्या वाजवल्या. दार उघडं होतं. पलंगावरून शालनला सगळं ऐकू येत होतं. चांगदेव उठून दार लावायला गेला तर तिने हाताने नको म्हटलं.

गाठी वाढत गेल्या. छातीवरच्या फुटल्या, तिथून घाण वास यायचा. चंदन बंद झालं, नर्सने दिलेली पावडर आणि जाळीचं कापड सुरू झालं. ऑपरेशनमध्ये गालाला लावायला छातीच्या ज्या बाजूचं मांस घेणार होते, तीच ही बाजू. भेटायला येणारे दारातूनच बोलायचे, पाच मिनिटांत कोणाला ना कोणाला काम आठवायचं. शालन ते बघायची. एकदा शेजारच्या घरातली सून नाकाला पदर लावून उभी राहिली, तेव्हा शालन तिला म्हणाली, "स्टूल घे, बस. मसाला व्हायला वेळ आहे अजून." सून रडत निघून गेली.

मग कॅल्शियम इतकं चढलं की ती भलतंच बोलायला लागली. चांगदेवला गिऱ्हाईक समजून मिरच्या देठासकट का आणल्या म्हणून ओरडली. रत्नदीपला ओळखेना. पुन्हा ठाण्याला नेऊन कॅल्शियम उतरवायचं इंजेक्शन शिरेतून दिलं. मूळ दुखण्याला त्याचा उपयोग नव्हता, डॉ. मेघनाने तसं स्पष्ट सांगितलं होतं. पण त्या इंजेक्शनने शालन थोडे दिवस परत आली. पूर्ण शुद्धीत, सगळं कळणारी, आणि त्यामुळे सगळं दुखणारी. परत आणली नसती तर बरं झालं असतं का, असं चांगदेवने एकदाच विचारलं, तेही वर्कशॉपमधल्या एका माणसाला, लेथ चालू असताना, त्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

ती गेली तेव्हा मे संपत आला होता. डंकाचा हंगामही संपला होता, त्या वर्षी गाळा उघडलाच नव्हता. विहारातून भंतेजी आले, त्रिसरण-पंचशील झालं. जळून गेल्यावर हाडं गोळा करताना मजबूत वगैरे काही दिसली नाहीत, साध्या बाईची असतात तशीच होती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्र्यंबक खूप रडला. लखपती म्हटल्याचं त्याला कोणी आठवून दिलं नाही. काउंट म्हणजे काय होतं, हे चाळीला तोपर्यंत रत्नदीपने सांगितलं होतं. विमलाबाईला मात्र सांगायची वेळ त्याच्यावर आली नाही. ते आधीच झालं होतं.

त्या मधल्या शुद्धीतल्या दिवसांतली गोष्ट. विमलाबाई दुपारी पपईचा रस घेऊन आली. त्या दिवशी पानं जास्त मिळाली होती म्हणून ग्लासाऐवजी आपलं झाकणाचं पितळी पातेलं भरून आणलं होतं. उशाशी बसून ती स्ट्रॉ पुसायला लागली.

शालनने तिच्या मनगटावर हात ठेवला. "विमल, काउंट ह्या रसाने वाढला नव्हता," ती म्हणाली, फार हळू, एकेक शब्द उचलून ठेवावा तशी. "काउंट गाठीचा होता. माझा नव्हता."

विमलाबाईला आधी कळलं नाही. मग कळलं. स्ट्रॉ हातात धरून ती बसून राहिली. पदराने डोळे पुसले, मग नाक पुसलं, मग उगीचच पलंगाची चादर नीट केली आणि उठून दाराकडे निघाली. रात्री शालनची जीभ सुजली, दुसऱ्या दिवसापासून जे तोंडातून आलं ते नुसतं कण्हणं होतं. पण त्या दुपारी विमलाबाई उंबऱ्यापर्यंत पोचली तेव्हा शालनने मागून हाक मारली, नेहमीच्याच खवचट आवाजात, जबडा हाताने धरून.

"अगं ए, पातेलं ने तुझं. नंतर चाळभर सांगशील, उबाळ्यांनी ठेवून घेतलं म्हणून."